सोमवारचा निरोप

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी दरवर्षी एक ठरलेला संवाद होतो. लोखंडी कपाटाचा खालचा खण बाहेर ओढला जातो. जुनी पासबुके, बंद पडलेली दोन मनगटी घड्याळे आणि ज्यांची कुलुपे केव्हाच हरवली अशा किल्ल्या जमिनीवर मांडल्या जातात. मग पत्नी त्यातला एक काळा फोन दोन बोटांत धरून विचारते, "अहो, हा आता टाकायचा ना?" मी म्हणतो, "असू दे." फोन पुन्हा खणात जातो. यंदा मात्र तिने पुढचा प्रश्न विचारला. "लागत नाही, वाजत नाही, विकला तर चार आणे यायचे नाहीत. मग ठेवायचा तरी कशाला?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरे उत्तर चार वाक्यांत देता येण्याजोगे नव्हते.

फोन ब्लॅकबेरी आहे. घरातल्या लहान वाचकांनी तो पाहिलाही नसेल, म्हणून थोडे सांगतो. कॅनडातल्या वॉटर्लू गावच्या रिसर्च इन मोशन या कंपनीने १९९९ साली खिशात मावेल असे ई-मेलचे यंत्र काढले आणि त्याला हे नाव दिले. २००४ साली ते आपल्याकडे आले. पुढची सात-आठ वर्षे मुंबईच्या कचेऱ्यांत ज्याच्या कमरेला ही काळी डबी तो साहेब, अशी समजूत होती. आजच्या फोनसारखी त्याला नुसती गुळगुळीत काच नव्हती. वरच्या अर्ध्या अंगाला पडदा, आणि खालच्या अर्ध्या अंगाला तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या अशा अक्षरांच्या कळा. त्या कळा परदेशातल्या त्या रानफळाच्या दाणेदार अंगासारख्या दिसतात म्हणून हे नाव सुचले, असे सांगतात. डोक्याशी कोपऱ्यात एक बारीक दिवा. निरोप आला की तो लाल लुकलुकू लागे, आणि तुम्ही निरोप वाचेपर्यंत लुकलुकतच राही.

मला तो २००९ साली कचेरीतून मिळाला. घरी आणला तेव्हा मुलांनी नावाचा अर्थ विचारला. आता वसईत ब्लॅकबेरी कोणी पाहिली आहे? आमच्याकडे तुंगारेश्वरच्या डोंगरातली करवंदे. मे महिन्यात आदिवासी बाया पानांच्या द्रोणांत घालून ती विकायला बसतात. म्हणून फोनचे नाव पडले करवंद. करवंदाचा एक खेळ कोकणपट्टीतल्या सगळ्या मुलांना ठाऊक असतो. दाताने फोडायचे आणि आत पाहायचे, लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. त्यामुळे दिवा लाल लुकलुकला की धाकटी ओरडे, "बाबा, कोंबडा!" जेवणाच्या पानावरून, देवघरातून, एकदा तर लग्नाच्या मांडवातूनही मला त्या कोंबड्याने उठवले आहे. आम्ही हसत असू. त्या हसण्यात थोडा अभिमानही होता, हे कबूल केले पाहिजे. ज्याला रात्री अकराला बोलावतात, तो महत्त्वाचा माणूस असला पाहिजे, असे घरच्यांना वाटे आणि मलाही वाटे.

त्या कळांचे गुण मात्र मी आजही गाईन. चर्चगेटहून सुटलेल्या विरार फास्टमध्ये संध्याकाळी उभा राहिलेला माणूस काय अवस्थेत असतो, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. एक हात वरच्या कडीला, पाठीवर कोणाची तरी पिशवी, छातीवर कोणाचे तरी कोपर. उरतो एका हाताचा एक अंगठा. काचेच्या फोनवर त्या अंगठ्याला डोळ्यांची सोबत लागते. माझ्या करवंदाला ती लागत नसे. प्रत्येक कळेला उंचवटा होता, बोटाला जागा ठाऊक होती, आणि कळ दाबली की 'टिक्' असा बारीक होकार मिळे. समोरच्याच्या खांद्यापलीकडे भाईंदरच्या खाडीचे पाणी पाहत पाहत मी निम्मी कचेरी हाकली आहे. गाडी बोरिवली सोडून पुढे निघाली की अंगठा आपोआप चालू लागे. पानाच्या ठेल्यावरचा माणूस गिऱ्हाइकाशी गप्पा मारत विडा बांधतो ना, तसे.

हा सुखाचा भाग झाला. आता दुसरा सांगतो.

मी नोकरीला लागलो १९८२ साली. तेव्हा आमच्या फोर्टमधल्या कचेरीत एक टायपिस्ट बाई होत्या. गिरगावातून येत. साहेबाने मजकूर सांगायचा, बाईंनी तो शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचा, टाईप करायचा आणि सहीसाठी पुढे ठेवायचा, अशी रीत होती. रागाच्या भरात सांगितलेले पत्रही याच वाटेने जाई. साहेब फुत्कारत एखादे वाक्य सांगत, आणि बाईंची पेन्सिल तेवढ्या वाक्याला थांबे. त्या मान वर करून म्हणत, "साहेब, इथे जरा कळ काढू या का? चहा घ्या, मग सांगा." बस्स, एवढेच. चहा होई आणि वाक्य निम्मे होई. उरलेले टाईप होऊन आले की स्वच्छ कागदावर ते इतके उघडे दिसे, की साहेब सही न करता कागद बाजूला सारीत. ओल्या रागाला वाळायला तीन ठिकाणे होती: पेन्सिल, यंत्र आणि सही. बाईंना आम्ही गतीसाठी पगार देत होतो. त्यांचे खरे काम थांबवण्याचे होते, हे मला फार उशिरा कळले.

गंमत अशी, की बाईंच्या यंत्रावरची अक्षरे आणि माझ्या करवंदावरची अक्षरे एकाच क्रमाने मांडलेली होती. शोल्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली बाजारात आणले, तेव्हापासून क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय ही रांग चालत आलेली आहे. गोदरेजने १९५५ साली टाईपरायटर काढला, त्यावरही तीच होती. म्हणजे बाईंचे यंत्र आटून आटून माझ्या मुठीत आले होते. फक्त बाई तेवढ्या आल्या नव्हत्या.

माझ्या हाताखाली एक तरुण होता, नालासोपाऱ्याला राहणारा. आम्ही एका लाईनीवरचे, म्हणजे वसईनंतरचे पहिलेच स्टेशन त्याचे. हुशार, अबोल, अक्षर सुरेख. त्याच्या वडिलांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, नालासोपाऱ्याच्या रुग्णालयात त्यांचे डायलिसिस असे. ते दोन दिवस हा चार वाजता निघे. तशी मीच परवानगी दिली होती, आणि त्याबद्दल मी स्वतःवर खूशही होतो. निघताना तो केबिनच्या दारात उभा राहून "सर, येऊ?" म्हणून विचारी. त्यालाही कचेरीने एक साधे करवंद दिले होते. त्याने चार वाजता जावे आणि मी त्याला सात, नऊ, साडेदहा अशा कोणत्याही वेळी गाठावे, असा आमचा न बोललेला करार होता. तो कोणी केला, असे आज विचारले तर उत्तर एकच आहे. मी.

इथे थोडे विषयांतर करतो. नालासोपारा म्हटले की लोकांना गर्दी आठवते, पण ते प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, आणि अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही या गावच्या परिसरात सापडले आहेत, आठव्या आणि नवव्या लेखाचे. म्हणजे गिरनारच्या खडकावर दिसते ती चौदा लेखांची मालिका इथेही कोरलेली असावी. त्या मालिकेतल्या सहाव्या लेखात सम्राटाने काय सांगितले आहे, हे वाचले तेव्हा मी चकित झालो. त्याचा आशय असा, की मी जेवत असलो, अंतःपुरात असलो, बागेत असलो, तरी प्रजेचे काम निघाले तर माझ्या माणसांनी ते मला तिथे येऊन सांगावे. बावीसशे वर्षांपूर्वीचा हा ब्लॅकबेरीच की! पण त्यातली दिशा पाहा. राजाने आपल्या स्वतःच्या दाराची कडी काढली होती. आम्ही साहेब लोकांनी कडी काढली ती हाताखालच्यांच्या दाराची. माझ्या दाराची कडी माझ्या वरच्यांनी काढली होती, त्याचे दुःख मी चारचौघांत उगाळत असे. जो माणूस वरून येणारे निरोप मोजतो, तो खाली गेलेले निरोप मोजत नाही. मी तरी कधी मोजले नव्हते.

तर तो सोमवार. १० ऑक्टोबर २०११.

तरुण नेहमीप्रमाणे चारला गेला. सहाच्या सुमारास वरून फोन आला. एका मोठ्या गिऱ्हाइकाला गेलेल्या दरपत्रकात गेल्या वर्षीचा दर पडला होता. वरच्या माणसाने माझी दहा मिनिटे अशी काही हजेरी घेतली, की कान तापले. दरपत्रक त्या तरुणाने केलेले. मी तणतणत चर्चगेट गाठले. गाडीत उभा राहिलो. एक हात कडीला. भाईंदर गेले, गाडी खाडीच्या पुलावर आली, खारा वारा आत घुसला, आणि माझा अंगठा चालू लागला. आधी चुकीबद्दल दोन वाक्ये लिहिली, ती कडक होती पण रीतसर होती. मग तिसरे लिहिले. शब्द मराठी, अक्षरे इंग्रजी, कारण त्या कळांवर मराठी अक्षरे नव्हती. देवनागरीत लिहावे लागते तर माझा हात अडखळला असता, असे मला पुष्कळदा वाटते. परक्या अक्षरांत आपलीच शिवी आपल्याला ऐकू येत नाही. ते वाक्य असे होते: "वडिलांचे आजारपण अजून किती दिवस पुरवून पुरवून वापरणार आहेस?"

टिक्. निरोप गेला.

त्या फोनवर निरोपांच्या खुणा असत. निरोप आपल्याकडून निघाला की बरोबरची खूण, पलीकडच्या फोनवर पोचला की 'डी', आणि त्याने उघडून वाचला की 'आर'. माझ्या निरोपापुढे बरोबरची खूण आली. 'डी' येईना. घरी पोचलो, जेवलो, झोपताना पाहिले, नाहीच. दिवसभराच्या कटकटीत आणखी एक, म्हणून झोपलो.

सकाळी वर्तमानपत्रांतून आणि सहप्रवाशांकडून उलगडा झाला. ब्लॅकबेरीचे जाळे कोसळले होते. या फोनांचे निरोप कंपनीच्या स्वतःच्या केंद्रांतून जात, आणि आपल्या भागाचे केंद्र होते इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाव गावी. वसईहून नालासोपाऱ्याला, एका स्टेशनावर जाणारा निरोप इंग्लंडला वळसा घालून येत होता, हे ऐकून डब्यात मोठा हशा झाला. त्या केंद्रातले एक मुख्य यंत्र निकामी झाले, त्याच्या जागी आपोआप चालू व्हायचे राखीव यंत्रही चालले नाही, आणि युरोप, आखात, आफ्रिका आणि आपला देश, सगळीकडचे निरोप वाटेत तुंबले. साधे फोन चालू होते. कचेरीत अवचित सुट्टी मिळाल्यासारखा आनंद होता. माणसे एकमेकांच्या टेबलांपाशी जाऊन बोलत होती.

अकराच्या सुमारास मी दरपत्रकाची फाईल काढली. आत दराचा तक्ता होता, गेल्या वर्षीचा. त्यावर शाईने लिहिले होते, 'हाच दर घ्यावा', आणि खाली आद्याक्षरे होती. माझी.

तेवढ्यात तो तरुणच दारात आला. चेहरा कधी नव्हे तो मोकळा. म्हणाला, "सर, काल तिथे फोन बंद पडला. चार तास बाबांशी नुसत्या गप्पा झाल्या. बाबा म्हणाले, किती दिवसांनी तू माझ्याकडे बघून बोलतोयस." मी हसलो. काय करणार? माझा निरोप स्लाव गावी कुठेतरी रांगेत उभा होता, आणि ज्याच्यासाठी तो निघाला होता तो माझ्यासमोर उभा राहून माझ्याशी प्रेमाने बोलत होता.

त्या दिवशी कोजागिरी होती. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दरवर्षीप्रमाणे मोठ्या पातेल्यात दूध आटत होते. केशर, चारोळ्या, वेलची, सगळे घातले होते. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने घरचे केळ्यांचे घड आणले होते. चंद्र पातेल्यात उतरल्यावर एका आजोबांनी मुलांना गोष्ट सांगितली, की आज मध्यरात्री लक्ष्मी घरावरून जाते आणि विचारते, 'को जागर्ति?' कोण जागे आहे? जो जागा असेल त्याला ती प्रसन्न होते. एका चावट तरुणाने म्हटले, "आजोबा, आमचे साहेब रोज विचारतात. पण प्रसन्न नाही होत." सगळे हसले. मीही. मग कठड्याशी जाऊन खिशातला फोन काढला. बरोबरची खूण तशीच होती, एकटी. रात्रीचे दहा वाजले होते. त्या पोराचा नंबर माझ्याजवळ होता, साधा फोन चालू होता. "अरे, माझा एक निरोप वाटेत आहे. तो आला तर वाचू नकोस. वाचलास तर मला क्षमा कर. चूक माझीच होती." एवढे बोलायला अर्धे मिनिट पुरले असते. मी फोन खिशात टाकला आणि दुधाचा पेला घेतला. कदाचित तुंबलेले निरोप ते पुसूनच टाकतील, असे मला वाटले. हे वाटणे म्हणजे आशा नव्हे, ही लबाडी होती, हे त्याच क्षणी मला समजत होते.

या मधल्या काळाबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. निघालेला पण न पोचलेला शब्द, हे काय असते? आपल्या १८७२ च्या कराराच्या कायद्यात या प्रश्नाचे उत्तर मोठ्या बारकाईने दिलेले आहे. कोणी तुमच्यापुढे प्रस्ताव ठेवला आणि तुम्ही होकाराचे पत्र टपालात टाकले, की तो मनुष्य बांधला गेला. तुम्ही मात्र पत्र त्याच्या हाती पडेपर्यंत मोकळे. तोवर तुम्हाला तार करून होकार मागे घेता येतो. तारेचे उदाहरण कायद्यातच आहे. तार आपल्या देशात २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तिच्यामागचे शहाणपण मला फार मोठे वाटते. टपालाच्या मंद चालीमुळे माणसाला स्वतःच्याच शब्दाच्या पुढे धावून त्याला गाठण्याची एक संधी मिळे. करवंदाने ती संधी काढून घेतली होती, अशी माझी कुरकुर असे. पण यंत्र बिघडले आणि तीच संधी मला तीन दिवस मिळाली. रागाच्या बचावाला लोक नेहमी म्हणतात, विचार करायला वेळच मिळाला नाही. मला बहात्तर तास मिळाले, फोन मिळाला, आणि ज्याची क्षमा मागायची तो माणूस रोज आठ तास पंधरा फुटांवर बसलेला मिळाला. तेव्हा सोमवारचे वाक्य हे माझे खरे पाप, असे मी आता मानत नाही. ते एका तापलेल्या अंगठ्याचे होते. मंगळवारचे आणि बुधवारचे गप्प बसणे थंड डोक्याचे होते.

बुधवारी मी एक युक्ती मात्र केली. त्याला बोलावून म्हटले, "त्या दरपत्रकातली चूक माझी होती. तक्ता मीच चुकीचा दिला होता." तो म्हणाला, "सर, मीही तपासायला हवा होता." मला बरे वाटले. फार बरे वाटले. हिशेबात एक रक्कम जमा झाली, आता निरोपाची नावेवरची रक्कम आली तरी बाकी फारशी निघणार नाही, असा काहीसा भाव. आपण सदसद्विवेकबुद्धी म्हणतो, ती पुष्कळदा मारवाड्याच्या चोपडीसारखी वागते; पण ज्याचे देणे आहे त्याला ती चोपडी कधी दाखवली जात नाही.

गुरुवारी चारला तो दारात आला. "सर, येऊ?"

"ये," मी म्हणालो, "आणि बाबांना माझा नमस्कार सांग."

हे मी पूर्वी कधीच म्हटले नव्हते. त्याच्या ते लक्षात आले. त्याने मान लववली आणि गेला.

साडेसातच्या सुमारास गाडी मीरा रोडच्या पुढे होती. एकाएकी डब्यात इकडे, तिकडे, कमरेकमरेला लाल दिवे लुकलुकू लागले. तीन दिवसांचे तुंबलेले निरोप एकदम सुटले होते. कोणी तरी ओरडले, "आला रे, आला!" आणि टाळ्या पडल्या. मी फोन काढला. माझ्या निरोपापुढे 'डी' उभा होता. मी तो कडी सोडून दोन्ही हातांत धरला. गाडी पुलावर आली. नायगाव मागे पडले तेव्हा 'आर' आला.

तो त्या वेळी वडिलांच्या खाटेशी बसलेला असणार. वडिलांना नमस्कार सांगून झालेला असणार.

पाच मिनिटे काही नाही. वसईला उतरलो. गाडी सुटली, तीच गाडी पुढच्या पाचेक मिनिटांत नालासोपाऱ्याला थांबणार होती. मी पुलाच्या पायऱ्यांपाशी उभा राहिलो. दिवा लुकलुकला. त्याचा निरोप होता. "सर, हा सोमवारचा आहे ना?"

मी त्या एका वाक्याकडे पुष्कळ वेळ पाहत राहिलो. त्याने मला विचारले नव्हते, की असे का लिहिलेत. त्याने मला वाट करून दिली होती. सोमवारचा, म्हणजे चूक कळण्याच्या आधीचा, म्हणजे आज नमस्कार सांगणाऱ्या माणसाचा नव्हे. वय पंचवीस-सव्वीस, समोर वडिलांच्या हातात सुया, आणि अशा वेळी या पोराने माझी लाज झाकायला पांघरूण पुढे केले होते. मी कळा दाबल्या. दोनच अक्षरे. "हो."

हे खरे होते. इतके खोटे खरे मी आयुष्यात दुसरे बोललेलो नाही.

पुढे काही घडले नाही, असेच म्हटले पाहिजे. तो आणखी दोन वर्षे आमच्याकडे होता. काम चोख. पण "सर, येऊ?" हे पुन्हा ऐकू आले नाही. सोमवार-गुरुवार तो अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरी, कारणाच्या रकान्यात 'खासगी' लिही, आणि पगार कापून घेई. मी एकदा म्हटले, "अर्ज कशाला?" तर म्हणाला, "नियमाप्रमाणे बरे, सर." एक दिवस तो डोके भादरून कामावर आला तेव्हा मला कळले, की वडील गेले. शिपायालासुद्धा आधी ठाऊक होते. मी जे बोलायचे असते ते बोललो. तो "थँक यू, सर" म्हणाला आणि फाईल उघडली.

यावर उपाय निघाले आहेत, नाही असे नाही. फ्रान्समध्ये २०१७ च्या १ जानेवारीपासून कामाच्या वेळेबाहेर कचेरीपासून तुटून राहण्याचा कामगारांचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत त्याच धर्तीचे खासगी विधेयक मांडले. चांगलेच आहे. पण हे हक्क ज्याला निरोप येतो त्याचे. धाडणाऱ्याने अंगठा कुठे आवरायचा, हे कोणत्या कलमात बसवणार? व्हॉट्सअ‍ॅपवर २०१७ पासून पाठवलेला निरोप सर्वांसाठी पुसून टाकता येतो. माझी धाकटी म्हणते, "बाबा, तेव्हा हे असते तर!" मी विचार करून पाहिला. तर त्याला माझे वाक्य दिसले नसते, 'निरोप पुसला आहे' एवढेच दिसले असते. साहेबांनी काय लिहिले आणि काय पुसले, यावर त्याने रात्र काढली असती. आणि मी मात्र पुसले म्हणून निश्चिंत झोपलो असतो. धाकटीला हे पटलेले नाही. ती म्हणते, तुम्ही उगाच स्वतःला छळता.

२०२२ च्या ४ जानेवारीला कंपनीने त्या जुन्या फोनांच्या सेवा कायमच्या बंद केल्या. आता माझ्या करवंदातून निरोप निघत नाही, येतही नाही. मात्र विजेला लावले तर तो अजून जागा होतो. पूर्वी तो अडला की पाठीचे झाकण काढून बॅटरी उपसून पुन्हा बसवायची आणि पाच मिनिटे वाट पाहायची, असा इलाज होता. परवा तसेच केले. पडदा उजळला. निरोपांच्या यादीत खाली खाली गेलो. सोमवारचा आहे. त्याच्या खाली त्याचा प्रश्न आहे. त्याच्या खाली माझे "हो". पुढे आर. कळा अजून 'टिक्' करतात.

हा मजकूर लिहून झाल्यावर मी पत्नीला वाचायला दिला. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती चकल्या तळत होती, म्हणून तेल उतरवून, हात पुसून तिने सगळा वाचला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो अजून नालासोपाऱ्यालाच असतो?"

"लाईनीवर दिसतो कधीकधी," मी म्हणालो. "मुलगी आहे त्याला, शाळेत जाणारी. मान हलवतो. मीही हलवतो."

तिने कढई परत शेगडीवर ठेवली. खणातला फोन टाकण्याविषयी ती यंदा पुन्हा काही बोललेली नाही. आज सकाळी पाहिले तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर फराळाचे डबे मांडलेले होते, प्रत्येकावर चिकटपट्टीवर नाव लिहिलेले. नणंदेचा, विहिणीचा, शेजारच्यांचा, वॉचमनचा. शेवटच्या डब्यावर नाव नव्हते. मी विचारले, "हा कोणाचा?"

"नाव तुम्ही लिहा," ती म्हणाली. "पेन तिथे फ्रिजवर आहे."